एलियाहू हनाबीचा उरूस

आमच्या शाळेची सहल मुंबईला गेली होती. सोलापूरहून रात्री निघालेली गाडी सकाळी भायखळा मागे टाकून हळूहळू पुढे सरकत होती. सातवीतल्या एका मुलाने खिडकीतून एका स्टेशनाची पाटी वाचली आणि विचारले, "सर, ये मस्जिद स्टेशन कौनसी मस्जिद के नाम पर है?" आम्ही इतिहासाचे शिक्षक. शिक्षकाला 'माहीत नाही' म्हणणे जड जाते. आम्ही ठोकून दिले की असेल इथलीच एखादी जुनी मस्जिद. मुलाचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही.

पुढे कधीतरी वाचनात आले की ती मस्जिद आपली नव्हेच. ते यहुद्यांचे प्रार्थनास्थळ. 'शार हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार. 1796 साली मांडवी भागात सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते बांधले आणि कोकणातले यहुदी त्याला 'जुनी मशीद' म्हणत. स्टेशनाला नाव पडले ते या मशिदीवरून, असे सांगितले जाते. पुढे त्यांनी दुसरे प्रार्थनास्थळ उभारले, ती झाली 'नवी मशीद'. यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणारे हे लोक कोण, ही उत्सुकता त्या दिवशी लागली ती लागलीच.

दिवेकरांचे घरगुती नाव सामाजी हसाजी. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत ते अंमलदार होते. म्हैसूरच्या दुसऱ्या लढाईत (1780 ते 1784) ते टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. यापुढची गोष्ट बेने इस्राएल घरोघरी सांगतात. कैद्यांना मारायचे ठरले होते. टिपूच्या आईने दिवेकरांची जात विचारली. त्यांनी सांगितले, आम्ही बनी इस्राएल. ती माऊली म्हणाली की या लोकांचे नाव तर कुरआनात आहे, पण डोळ्यांनी कधी पाहिले नाहीत, यांना सोडा. दिवेकर सुटले आणि त्यांनी नवस केला की जिवंत घरी पोचलो तर इबादतगाह बांधीन. ती बांधून झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले.

टिपूच्या आईचे बोलणे कुणी लिहून ठेवलेले नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून आम्हाला ही दंतकथाच म्हणावी लागेल. पण ही दंतकथा टिपूची बाजू घेणाऱ्यांनी रचलेली नाही. त्याच्या कैदेत पडलेल्यांच्या वंशजांनी ती जपली आहे. टिपूच्या नावाने आज काय काय बोलले जाते ते वाचकांना सांगायला नको. आम्ही पहिल्यांदा ही कथा वाचली तेव्हा छाती थोडी फुगली हे कबूल करतो. मग काही अभ्यासकांचे मत वाचले, की या लोकांनी 'यहुदी' हे नाव मागे ठेवून 'बेने इस्राएल' पुढे केले, कारण मुसलमानांच्या मुलखात यहुदी हा शब्द खपत नव्हता. फुगलेली छाती जागेवर आली. इतिहासात एका हाताने मिळते ते दुसऱ्या हाताने असे जाते.

हे वाचताना हायीम सॅम्युएल केहीमकरांचे नाव वारंवार समोर येई. हे किहीम गावचे. 1875 साली त्यांनी मुंबईत आपल्या समाजासाठी इस्राएलाइट स्कूल काढले, तेच पुढे सर एली कदूरी स्कूल झाले. समाजाचा इतिहास त्यांनी 1897 च्या सुमारास इंग्रजीत लिहिला, पण तो छापला गेला 1937 साली, तेल अवीवमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. शाळामास्तरांचे लिखाण असेच पडून राहते!

केहीमकरांनी आपल्या लोकांच्या सणांची मराठी नावे नोंदवली आहेत. ती वाचताना आम्ही शाळेच्या स्टाफरूममध्ये मोठ्याने हसलो होतो, आनंदाने. नव्याचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, खिरीचा सण. एका उपवासाला 'बिरड्याचा रोजा' म्हणत, कारण त्या वेळी वालाचे बिरडे करीत. एका अख्ख्या महिन्याच्या उपवासांना तर 'रमजान' म्हणत. त्यांच्यात धर्माचे काम पाहणाऱ्यांना 'काझी' ही पदवी होती. आणि शेबात महिन्याच्या पंधराव्या दिवशी असे 'एलियाहू हनाबीचा उरूस'.

हनाबी म्हणजे 'तो नबी'. एलियाहू म्हणजे आपले हजरत इलयास अलैहिस्सलाम. सूरे अनआम आणि सूरे साफ्फातमध्ये त्यांचा उल्लेख आहे. यहुद्यांच्या ग्रंथात ते अग्निरथातून आकाशात गेले. आपल्या लोकपरंपरेत हजरत खिज्र आणि हजरत इलयास दोघेही हयात आहेत, एक पाण्यावर तर एक जमिनीवर वाट चुकलेल्यांना वाट दाखवतो. त्या नबींचा उरूस, तोही मराठीत, तोही रायगड जिल्ह्यात. जायचेच, असे ठरले.

ठरले ते 2020 च्या फेब्रुवारीसाठी. तो हिवाळा कसा होता, ते आठवा. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा झाला होता. आमच्या मोहल्ल्यात जो तो जुने कागद शोधत होता. शाळेत रोज पाचपन्नास माणसे येत. कुणाला शाळा सोडल्याचा दाखला हवा, कुणाला वडिलांचा, कुणाला तर आजोबांचा, जे आमच्या शाळेची इमारत उभी राहण्यापूर्वीच विडी कारखान्यात लागले होते. जनरल रजिस्टरची पाने उलटून आमची बोटे काळी झाली. कुठे शेखचे शैख झालेले, कुठे बापाचे नाव अर्धे. निम्म्यांची जन्मतारीख 1 जून. ती तारीख आईने दिलेली नव्हती, पहिलीत नाव घालताना मास्तरांनी टाकली होती, म्हणजे आमच्याच कुणी पूर्वजाने. एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, मी इथली नाही तर कुठली, ते तरी लिहून द्या." तिच्या नावाची रजिस्टरात नोंदच नव्हती.

अशा दिवसांत आम्ही सोमवारची किरकोळ रजा टाकून यहुद्यांच्या उरुसाला निघालो. बरोबर शाळेतलेच भूगोलाचे सहकारी. जुम्म्याच्या नमाजनंतर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "मास्तर, फलस्तीनमध्ये आपल्या भावांचे काय चालले आहे आणि तुम्ही यांच्याकडे जेवायला चाललात?" आम्ही उत्तर दिले नाही. खरे तर उत्तर तयार नव्हते. प्रश्न खोटा नव्हता, एवढे मात्र सांगतो.

शनिवारी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, रविवारी मुंबई, सोमवारी पहाटे गेटवेवरून लाँचने मांडवा आणि तिथून बसने अलिबाग. आता ज्याला खंडाळा म्हणतात तो घाटातला खंडाळा नव्हे, हे खंडाळे. अलिबागपासून काही किलोमीटरवर, सागावच्या बाजूला. रिक्षावाल्याला 'एलियाहू' कळेना. "टाप बघायचाय का?" असे त्यानेच विचारले. टाप म्हणजे घोड्याची टाप.

इथल्या बेने इस्राएलांची मूळकथा आधी सांगायला हवी. फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. बाकीच्यांना नवगावातच दफन केले. ग्रंथ, कागद, सारे समुद्रात गेले. वाचलेल्यांनी कुलाब्याच्या गावागावांत तेलाचे घाणे टाकले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे शिवभक्त तेली आम्हा सोलापूरकरांना चांगले ठाऊक आहेत, त्यामुळे हे नाव आम्हाला लगेच उमगले. गावांवरून आडनावे पडली. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, झिराडकर, नवगावकर. कोकणी मुसलमानांतही अशीच आडनावे आहेत. नुसत्या आडनावावरून माणूस कुठला ते कळते, कुणाचा ते कळत नाही.

शेकडो वर्षांनी डेव्हिड रहाबी नावाचा एक परदेशी यहुदी त्यांच्यात आला. तो कोचीनचा की आणखी कुठला, नेमका कुठल्या शतकातला, यावर एकमत नाही. या तेल्यांपाशी एक 'शमा' ही प्रार्थना, मुलांची सुंता आणि शनिवार एवढे उरले होते. हे खरेच यहुदी का? त्याने एका घरातल्या बायकांपुढे नाना प्रकारची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितली. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे घेतले, उरलेले बाजूला सारले. त्यांच्या शरीअतीत तेवढेच हलाल. रहाबीची खात्री पटली. परीक्षा झाली ती चुलीपाशी, आणि पास झाल्या त्या बायका. ग्रंथ बुडाला होता, पण कालवणातून धर्म टिकला होता.

खंडाळ्याला शेतांच्या कडेला कुंपण घातलेली जागा आहे. आत एक खडक आणि त्यावर खुणा. एलियाहू नबींचा रथ आकाशात जाताना इथे टेकला, त्या घोड्याच्या टापा आणि चाकाचे वण ते हेच, अशी श्रद्धा. आम्ही भूगोलवाल्या सहकाऱ्यांकडे पाहिले. ते म्हणाले, "बेसॉल्ट आहे." मग जरा थांबून म्हणाले, "कदम रसूलच्या दगडावर आपण असे बोलतो का?" दोघेही गप्प झालो.

बसगाड्या आल्या होत्या, मुंबई-ठाण्याच्या. बाया साडीत, डोक्यावर पदर. पुरुषांच्या डोक्यावर छोट्या गोल टोप्या. "अगं, ती केळी पुढे घे", "पाण्याची बाटली कुठाय", "मामा, उन्हात नका बसू." कानावर सगळी मराठी, तीही घरातली, आम्ही बी.एड.ला शिकलो तसली पुस्तकी नव्हे. कुंपणाशी आम्ही घुटमळत होतो. पंचाहत्तरीतले एक गृहस्थ पुढे आले. रेल्वेतून निवृत्त झालेले. आम्ही सोलापूरचे, उर्दू शाळेत शिकवतो, मुसलमान आहोत, हे सांगून टाकले. डोके झाकायला ते टोपी शोधू लागले. आम्ही खिशातून आपलीच नमाजची टोपी काढून घातली. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "हां, झालं की!"

मग मोठे ताट मांडले. भिजवलेले पोहे, त्यात खवलेला ओला नारळ, गोड, वेलची, सुकामेवा. भोवती पाच तऱ्हेची फळे. गुलाबाच्या पाकळ्या. या ताटाचे नाव विचारले. काका म्हणाले, "मलिदा."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मलिदा! आमच्याकडे चपाती कुस्करून गूळ-तूप घालून करतात आणि फातिहा देतात तो मलिदा. शब्द फारसी, अर्थ कुस्करलेले, चोळलेले. कोकणात चपातीच्या जागी पोहे आले, तुपाच्या जागी नारळ. नारळामागे कोकण तर आहेच, पण शरीअतही आहे. मांसाच्या जेवणाबरोबर दूध-तूप त्यांना चालत नाही, म्हणून त्यांच्या नव्या वर्षाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधात होतो. दारूच्या जागीही इथे बहुधा काळ्या मनुकांचे सरबत असते. त्यावर ते बरकतीचे शब्द म्हणतात. लग्नाआधी, सुंतेला, नव्या घरात जाताना, नवस फेडताना मलिदा होतो आणि दर वेळी एलियाहू नबींची आठवण होते. जगातल्या इतर यहुद्यांत हा विधी या रूपात नाही. अभ्यासक म्हणतात की शेजारच्या मुसलमानांच्या नियाज-फातिहाची ही छाया असावी. आमच्यातले काही लोक आता मलिद्याला बिदअत म्हणून हातही लावत नाहीत. ज्याला आपण घराबाहेर काढत आहोत ते शेजाऱ्याच्या घरात नबीच्या नावाने सुखाने नांदते आहे, हे पाहून कसे वाटले ते नीट सांगता येणार नाही.

इब्रानीतून गाणे सुरू झाले. शब्द कळत नव्हते, तरी 'हनाबी' दर वेळी कळत होते. चाल थेट कव्वालीची नव्हे, पण आमच्या सहकाऱ्यांच्या बोटांनी मांडीवर ठेका धरला होता. यांच्यात मराठी कीर्तनेही झाली आहेत. 1880 साली बेंजामिन शिमशोन अष्टमकरांनी ती सुरू केली, नबींची चरित्रे विषय म्हणून घेऊन. 1917 साली शिकलेल्या मंडळींनी मुंबईत बेने इस्राएल परिषद भरवली, अध्यक्ष, ठराव सगळे रीतसर. समाजाचे असे मेळावे आपल्याकडेही त्याच काळात सुरू झाले. परिषदा आता नाहीत. उरूस आहे.

तारखेचे एक कोडे होते, तेही तिथेच सुटले. आदल्या रात्री पौर्णिमेचा चंद्र होता. गुलबर्ग्याला हजरत बंदानवाजांचा उरूसही जिलकादच्या पंधरा तारखेचा. पण आपला उरूस दर वर्षी अकरा दिवस मागे सरकतो, यांचा मात्र जानेवारी-फेब्रुवारी सोडत नाही. यहुदी एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरतात, हिंदू पंचांगासारखाच. आपल्याला महिना वाढवायची मनाई आहे, सूरे तौबात. म्हणून आपली ईद सगळ्या ऋतूंतून फिरते.

जेवताना काकांनी विचारले, "तुमच्याकडं ते कागदाचं काय चाललंय?" आम्ही रजिस्टरच्या गोष्टी सांगितल्या, त्या म्हातारीचीही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले ते आम्ही पुढे ताडून पाहिले आणि खरे निघाले. 1836 साली बगदादहून आलेल्या श्रीमंत यहुद्यांनी मुंबईच्या कबरस्तानात मधे भिंत मागितली, म्हणजे बेने इस्राएलांच्या कबरी आपल्या कबरींना लागू नयेत. 1948 नंतर हे लोक इस्राएलला जाऊ लागले. तिथे काहींना इतके परके वाटले की त्यांनी धरणे धरले, आम्हाला भारतात परत पाठवा, आणि 1952 साली काही जण खरेच परत आले. 1962 साली तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी, यित्झाक निस्सीम यांनी, फर्मान काढले की बेने इस्राएल माणसाचे लग्न दुसऱ्या यहुद्याशी लावण्यापूर्वी त्याच्या आई-आजीपर्यंतची, जमेल तितक्या मागची चौकशी करावी. आजीच्या आईचा दाखला कुलाब्यातल्या तेल्याने कुठून आणावा? लोक रस्त्यावर आले, जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. 1964 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत.

"माझा थोरला भाऊ होता त्या धरण्यात," काका म्हणाले. "इथं मराठी माणसानं आम्हाला कधी विचारलं नाही तुम्ही कोण म्हणून. शनवार तेली म्हटलं, झालं. आपल्याच धर्माच्या लोकांनी विचारलं." मग हसून म्हणाले, "तुमच्या त्या नव्या कायद्यात सहा धर्म आहेत. तुम्ही नाही, तसे आम्हीपण नाही."

हे आमच्या लक्षातच आले नव्हते. महाराष्ट्र सरकारने 2016 साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा एके काळी वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज देशात पाचेक हजारांवर आला होता. मग सोमवारच्या उन्हात ते आणि आम्ही हिशेब करत बसलो. मुंबईत सर जेकब ससून हायस्कूल यहुद्यांनी काढले आणि तिथे गेली अनेक वर्षे बहुसंख्य मुले मुसलमानांची. यहुदी गेले, बाके राहिली, बाकांवर आपली मुले बसली.

फलस्तीनचा विषय निघाला तो निघताना. काकांचा नातू अश्कलोनला होता. जुम्म्याचा तो प्रश्न आमच्या ओठांवर होता. काकांनीच म्हटले, "तुम्हाला राग असेल." आम्ही म्हणालो, "आहे." ते म्हणाले, "असू दे. मलिदा घेऊन जा." वर्तमानपत्रात बांधलेला पुडा त्यांनी हातात दिला.

बुधवारी सकाळी घरी पोचलो. अम्मीने पुडा सोडला, वास घेतला. "कौनसे दर्गे का है?" आम्ही म्हटले, हजरत इलयासच्या उरुसाचा. तिने बिस्मिल्ला म्हणून चिमूटभर तोंडात टाकला आणि पोहे कसे, असे विचारले. त्या गृहस्थांना मात्र आम्ही आजही उत्तर दिलेले नाही.

काकांशी फोन होत राहिले. ईदला त्यांचा यायचा, त्यांच्या नव्याच्या सणाला आमचा. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने इस्राएलमध्ये शिरून सुमारे बाराशे माणसे मारली आणि त्यानंतर गाझात जे सुरू झाले त्यात हजारो मुले गाडली गेली. अश्कलोन गाझाच्या सीमेजवळच. आम्ही रात्री मोबाईलवर ती मुले पाहायचो, आमच्या वर्गातल्या वयाची, आणि फोन करायची इच्छा मरून जायची. त्यांचाही आला नाही. तीन महिने असेच गेले.

2024 साली उरूस 25 जानेवारीला आला. शाळेत प्रजासत्ताक दिनाची तालीम चालू होती. मधल्या सुटीत आम्ही फोन लावला. काकांनी उचलला, पण दोघांनाही सुचेना. नातू बरा आहे का, असे विचारले. बरा आहे, म्हणाले. मग म्हणाले, "तुमची ती म्हातारी, कागदवाली?" ती वारली होती. सांगितले. पलीकडे शांतता. मागे मुलांचे कवायतीचे आकडे चालू होते. शेवटी आम्ही म्हणालो, "काका, अम्मी विचारत होती. मलिद्याला पोहे जाडे घ्यायचे की पातळ?"

"जाडे," काका म्हणाले. "पातळाचा लगदा होतो. आणि पाण्यात ठेवू नका सांगा, नुसते धुवायचे आणि निथळायचे. नारळ ओलाच हवा. सोलापुरात मिळतो ना चांगला?"